डाव्या वळणावरच्या टक्‌टकीची कैफियत

॥ श्री ॥ ज्याचे वाहन मूषक असोन कधी कुरकुरत नाही, ज्यास ना परवाना लागतो ना पेट्रोल, त्या गजमुखास प्रथम नमन करोन, आणि ज्यांची वाहने कुरकुरतात त्या सकळ संसारी जनांची क्षमा मागोन, घडले वर्तमान यथामति लिहितो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मास कार्तिक, थंडी नुकती पडो लागली होती. राज्य कोणते हे लिहीत नाही, कारण शेजारी ओळखतील. राज्याचा विस्तार बेताचा. पूर्वेस पारिजातक, पश्चिमेस पागनिसांची भिंत, दक्षिणेस मोरी आणि उत्तरेस लोखंडी फाटक, ते उघडताना थोडे उचलावे लागे. या राज्यावर राजश्री अच्युतराव हे राज्य करीत होते. पूर्वाश्रमी ते हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवीत, आणि त्यातही 'ध्वनी' हे प्रकरण त्यांच्या विशेष हातखंड्याचे म्हणोन पंचक्रोशीत लौकिक होता. हे येथे मुद्दाम नमूद केले आहे, पुढे कामास येईल.

ते दिवशी प्रातःकाळी राजश्री नित्याप्रमाणे उठले, आणि चूळ भरोन चहा घेतला, आणि मग खिडकीतील गोल डबी उघडोन त्यातील कर्णयंत्रे काढिली, त्यांवर फुंकर घातली, आणि कडू औषध घ्यावे तैसे मुख करोन दोन्ही कानांत बसविली. मग देवघराशेजारील खुंटीवरून राजमुद्रा, म्हणजे गाडीची किल्ली, घेतली, आणि जुन्या बनियनचे फडके खांद्यावर टाकोन अंगणात आले. तेथे राजरथ उभा होता. राजरथ म्हणजे रुपेरी रंगाची चार दारांची मोटार. एका दंतवैद्यांनी दिवसरात्र वापरोन मग विकिली ती राजश्रींनी सेकंडहँड घेतली, आणि तीस आता पंधरावे वर्ष सरत आले होते. राजश्रींनी पुढची काच पुसली, मागची पुसली, पारिजातकाची दोन फुले स्टिअरिंगपुढे ठेविली, आणि दार उघडोन आत बसू गेले तो गुडघे स्टिअरिंगास आपटले. आसन पुन्हा पुढे सरकले होते. राजश्री "हात्तिच्या!" ऐसे बोलिले, आणि खालील दांडी ओढोन आसन मागे ढकलिले. मग वर पाहिले तो आरसा पुन्हा खाली झुकला होता, त्यात मागील रस्ता न दिसता मागील गादी दिसे. तोही वर केला. हे दोन्ही विकार रथास दोन-तीन वर्षांपासून जडले होते, आणि जुन्या वाहनाचे सांधे ढिले होतात ऐसे मानोन राजश्री ते रोज सकाळी दुरुस्त करीत. मग स्वारी डेअरीपर्यंत जाई आणि दूध घेवोन परत येई. या स्वारीविषयी राजश्रींस अभिमान फार. कट्ट्यावर बसले म्हणजे सांगत, "आपल्या गावाला नावं ठेवतात लोक, पण शिस्त आहे हो. मी गाडी घेऊन निघालो की मागचा एक माणूस हॉर्न वाजवत नाही." ऐकणारे माना डोलावीत, आणि एकमेकांकडे पाहत, आणि विषय बदलीत.

आता कर्णयंत्रांचे प्रकरण ऐसे की, युवराज हेमंत हे परमुलुखी नोकरीस असत, त्यांनी दिवाळीस येवोन पित्यासी तह केला. युवराज म्हणाले, "बाबा, तीन गोष्टी. कानाचं यंत्र लावायचं. गाडीचं पासिंग येतंय, त्यात ती पास व्हायला हवी. नाही झाली तर भंगारात. मग तुम्हाला कुठे जायचं असेल तर फोनवरून टॅक्सी बोलावायची, मी शिकवून देतो." राजश्री राग गिळोन बोलिले, "टॅक्सी बोलवायची आणि फाटकात उभं राहायचं, कोणी नेईल तर जायचं. हे म्हणजे राज्य गेलंच की." युवराज बोलिले, "राज्य नाही हो बाबा, गाडी." परंतु राजश्रींस दोहोंत भेद दिसत नव्हता. तेव्हा तहाचे पहिले कलम मान्य करोन यंत्रे आणविली. कानाचे वैद्य म्हणाले, दोन्ही मंद आहेत, डावा अधिक गेलेला, उजवा त्यातल्या त्यात बरा. ती ते तोवर फक्त टीव्हीपुढे लावीत, म्हणोन राजश्रींचे मत यंत्रांविषयी ऐसे पडले की टीव्हीवरील बातम्या थोड्या मोठ्या झाल्या, याहून राज्यात काही फरक नाही.

ते दिवशी मात्र यंत्रे लावोन प्रथमच रथात बसले, आणि किल्ली फिरविताच रथाच्या पोटातून "कुईं" ऐसा ध्वनी निघाला. राजश्री दचकले. पुढे गतिरोधकावरोन जाताना मागील बाजूस "खळ्‌खळ्" जाहले, आणि डेअरीपाशी डावीकडे वळताना पुढील चाकाखालोन "टक्, टक्, टक्" ऐसे स्पष्ट ऐकू आले, जैसे कोणी आतोन दार ठोठावीत आहे. काल-परवापर्यंत मुकाट चालणारा रथ, आणि पासिंग तोंडावर येताच एका वेळी तीन व्याधी! दूध घेण्यास गेले ते पिशवी न घेताच परत निघाले, डेअरीवाल्याने हाक मारोन पिशवी दिली. वास्तविक ज्याने आयुष्यभर मुलांस 'ध्वनी ऐकू येण्यासाठी तीन गोष्टी लागतात: उगम, माध्यम आणि श्रोता' ऐसे घोकून घेतले, त्याने उगमाची इतकी चिंता करावी आणि श्रोत्याचा एकदाही विचार न करावा, हे आश्चर्य, परंतु राज्यकर्ते स्वतःकडे बोट दाखवोन तपास सुरू करीत नाहीत, ऐसे पूर्वापार चालत आले आहे.

मग राजश्रींनी मसलत केली. मसलत गुप्त ठेविली, आणि बाईसाहेबांपासून विशेष गुप्त. कारण बाईसाहेब मालिनीबाई रोज संध्याकाळी युवराजांसी फोनवर बोलत, आणि त्यांच्या पोटी काही राहत नसे, ऐसा राजश्रींचा समज होता. मसलतीस सरलष्कर पागनीस यांस बोलाविले. पागनीस हे एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणोन निवृत्त. हयातभर गाड्या शिट्टीने मागेपुढे केल्या, स्वतः एकही चालविली नाही, परंतु गाडीविषयी मत विचारिले तर कधी नाही म्हटले नाही. त्यांनी बॉनेटावर कान ठेवोन डोळे मिटिले आणि बोलिले, "अच्युतराव, गाडी बोलतेय." राजश्री बोलिले, "ते मलाही ऐकू येतंय. काय बोलतेय?" पागनीस बोलिले, "ते मात्र तिलाच माहीत." राजश्रींनी विचारिले, "तुम्हाला तिन्ही आवाज ऐकू येतात ना? का माझ्या मनाचे खेळ?" पागनीस बोलिले, "येतात की! कुईं येतं, खळ्‌खळ् येतं, टक्‌टक् तर भिंतीपलीकडून येतं." ऐसा पुरावा मिळताच राजश्रींची खात्री जाहली. हे आवाज केव्हापासून येतात, एवढा एक प्रश्न मात्र कोणी कोणास विचारिला नाही, आणि या मोहिमेतील थोर चूक ती हीच.

मग पागनिसांच्या ध्यानी आले की पेट्रोलही लवकर उतरते. राजश्री बोलिले, "ते तर दोन वर्षं उतरतंय. डेअरीपर्यंत जाऊन यायला इतकं लागतं का?" पागनीस गंभीर होवोन बोलिले, "गळती." तेव्हा राजरथाखाली वर्तमानपत्रे अंथरिली, आणि दोघे वीर अंगणात खुर्च्या टाकोन वेढा देवोन बसले. दुपारी राजश्रींची वामकुक्षीची वेळ जाहली म्हणोन ते आत गेले, यंत्रे काढोन डबीत ठेविली आणि निजले. पागनीसही घरी जावोन निजले. ऊन उतरल्यावर दोघे परत आले तो वर्तमानपत्रे घडी करोन पायरीवर ठेविलेली, कागद कोरडे, आणि पेट्रोलचा काटा पुन्हा थोडा खाली. बाईसाहेब बाहेर येवोन बोलिल्या, "अहो, गाडीखाली रद्दी कशाला पसरली होती? मला उचलून ठेवावी लागली." राजश्री झटकन बोलिले, "वाळत घातली होती." बाईसाहेब राजश्रींच्या मुखाकडे पाहोन आत गेल्या. पागनीस काट्याकडे पाहोन बोलिले, "एक थेंब नाही खाली. म्हणजे वर उडतंय. हल्ली पेट्रोलमध्ये काय काय मिसळतात." राजश्रींसी हे पटले नाही, परंतु दुसरे उत्तर नसल्याने तेच राज्याचे अधिकृत मत ठरले.

मग उस्ताद मुन्ना तांबोळी यांस पाचारण केले. मुन्ना हा राजश्रींचाच जुना विद्यार्थी, मागील बाकावरचा, आता हमरस्त्यावर गॅरेज चालवी. तो मोटारसायकलीवरोन येवोन, सरांच्या पाया पडोन बोलिला, "सर, कुईं म्हणजे बेल्ट. नाहीतर बेअरिंग. नाहीतर मग इंजिनच असेल." राजश्री बोलिले, "परीक्षेतही तू अशीच तीन उत्तरं लिहायचास." मुन्ना बोलिला, "एक तरी बरोबर निघायचं ना, सर!" आणि खरोखरच बेल्ट बदलिताच कुईं थांबली, तेव्हा राज्यात आनंद जाहला आणि चहा फिरला. राजश्रींनी आसनाची व्याधी सांगितली, तेव्हा मुन्नाने पट्टी झिजली असेल म्हणोन रुळांस भरपूर ग्रीस लाविले. त्याचा परिणाम ऐसा की दुसरे दिवशी सकाळी आसन आणखीच पुढे गेलेले आढळले. राजश्रींनी मुन्नास फोन करोन कळविले. मुन्ना बोलिला, "पुढे जातं म्हणजे रूळ मोकळे झाले, सर. काम फत्ते." खळ्‌खळीचे कारण सायलेन्सर म्हणोन तो तारेने आवळिला, तरी ती तैसीच राहिली. आणि टक्‌टक् तर उभ्या गाडीत ऐकूच येईना. इकडे युवराजांचा निरोप आला की शनिवारी येतो, सोमवारी पासिंगला मीच गाडी नेतो, आवाज वगैरे करीत असेल तर परस्पर भंगारवाल्याकडे. राजश्री त्या दिवशी जेवताना दोनदा मीठ मागोन बसले, आणि दोन्ही वेळा ते ताटात वाढलेले होते.

मग मुन्नाने युक्ती काढिली. तो बोलिला, "टक्‌टक् वळतानाच होते, म्हणजे चालत्या गाडीत धरली पाहिजे. शाळेच्या मैदानात नेऊ. मी चाकाशेजारी वाकून चालत ऐकतो. आणि आत मागच्या बाजूला कोणीतरी खाली कान लावून बसायचं. सर, तुम्ही बसा. तुमच्या कानाला मशीन आहे, आमच्यापेक्षा लांबचं ऐकू येत असेल." ही स्तुती ऐकोन राजश्री संतोष पावले आणि मागील आसनावर गुडघे टेकोन बसले. मग प्रश्न पडला की रथ हाकावा कोणी. मुन्ना बाहेर चालणार. पागनीस खिशात शिट्टी चाचपीत दुसरीकडे पाहू लागले. इतक्यात बाईसाहेब मंडईतून पिशवी घेवोन फाटक उचलीत आत आल्या. त्यांनी गुडघ्यांवर बसलेले यजमान पाहिले, अंगणात वाकोन चालण्याचा सराव करणारा मुन्ना पाहिला, आणि बोलिल्या, "काय चाललंय काय हे?" राजश्रींनी काही उत्तर जुळविण्यापूर्वी मुन्ना बोलोन गेला, "काकू, टक्‌टक् शोधतोय. गाडी चालवायला माणूस नाही." बाईसाहेबांनी मेथीची पिशवी पागनिसांच्या हाती दिली आणि बोलिल्या, "एवढंच ना? मी चालवते."

राजश्री मागोन बोलिले, "तू?" बाईसाहेब बोलिल्या, "मग कोण? पागनीस भाऊजी? ते शिट्टी वाजवतील." आणि त्या आत बसल्या, आणि खाली न पाहता उजवा हात आसनाखाली नेवोन दांडी ओढिली, आणि आसन ग्रीसावरोन सुळकन पुढे जावोन नेमके त्या खाचेत बसले जेथे ते रोज सकाळी आढळत असे, आणि दोन बोटांनी आरसा खाली झुकविला, नेमका तितका, जितका तो रोज सकाळी झुकलेला असे, आणि पट्टा लाविला, आणि रथ मागे घेवोन फाटकातून ऐसा काढिला की पारिजातकाचे पान हलले नाही. राजश्री मागे गुडघ्यांवर होते ते तैसेच राहिले. त्यांनी ज्या दोन व्याधींवर दोन-तीन वर्षे उपचार केले, त्या दोन्ही त्यांच्या डोळ्यांदेखत पदर खोचोन गाडी चालवीत होत्या. तोल जाऊ नये म्हणोन त्यांनी पुढील आसनाखाली हात घातला, तो एका पंच्यात गुंडाळलेली जड वस्तू हातास लागली आणि "खळ्‌खळ्" जाहले. "हे काय आहे?" "टाळ. मंडळाचे. हळू हं, दोऱ्या कच्च्या आहेत." "कुठलं मंडळ?" "भजनाचं. दुपारी जाते ना मी. चौघीजणींना घरून घ्यायचं, परत सोडायचं. बसला दुपारी फार वेळ थांबावं लागतं हो त्यांना." तेव्हा राजश्रींस पेट्रोल कोठे उडत होते तेही कळले. बाईसाहेब बोलिल्या, "तुम्ही निजलेले असता, तरी सांगून जाते मी रोज. तुम्ही हो म्हणता."

मैदानात रथ डावीकडे वळला आणि टक्, टक्, टक् जाहले. मुन्ना चाकापाशी वाकोन धावत होता, त्यास घाम आला होता. राजश्री हर्षभरे ओरडले, "हा! हा बघ! ऐकलंस?" बाईसाहेब शांतपणे बोलिल्या, "ऐकते की. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून ऐकतेय. सांगितलं होतं तुम्हाला." "मला? कधी?" "डेअरीच्या वळणावर. अहो, डावीकडे वळताना काहीतरी वाजतंय म्हटलं." "मग मी काय म्हणालो?" "हो म्हणालात." "आणि कुईं?" "ती तर दंतवैद्यांकडून आली तेव्हापासूनच होती." मैदान संपोन रथ रस्त्यास लागला, मुन्ना मागे राहिला, आणि मागोन एका टेम्पोने मोठा हॉर्न वाजविला. राजश्री दचकोन मागे वळले आणि बोलिले, "कोण हा बेशिस्त?" बाईसाहेबांनी रथ कडेस घेतला, टेम्पो पुढे गेला, आणि त्या बोलिल्या, "रोजचाच आहे तो. सगळेच वाजवतात." राजश्रींनी हळू विचारिले, "मी चालवतो तेव्हासुद्धा?" बाईसाहेब क्षणभर थांबल्या, कारण त्यांस खोटे बोलण्याची सवय नव्हती आणि खरे बोलण्याची ही वेळ त्यांनी निवडिली नव्हती, मग बोलिल्या, "तुम्ही चालवता तेव्हा जरा जास्त. तुम्ही मधून चालवता ना. दिवाळीआधी त्या शाळेच्या रिक्षावाल्याने किती वेळ वाजवला. मी तुमच्या दंडाला हात लावला, आठवतंय?" राजश्रींस आठवले. तो हात त्यांनी प्रेमाचा समजोन वर आपला हात ठेविला होता, आणि रथ मधोमधच ठेविला होता.

आरशात बाईसाहेबांचे डोळे दिसत होते, ते रस्ता पाहत होते. मग राजश्री बोलिले, "गाडी शिकलीस केव्हा?" "तुम्हाला विचारूनच शिकले. पोळ्या करताना विचारलं, मी ड्रायव्हिंग शिकू का? हो म्हणालात. मला इतका आनंद झाला होता. मला वाटलं, तुम्ही चिडाल." "आणखी कशाकशाला हो म्हणालो मी?" बाईसाहेब हसू लागल्या. "पागनीस वहिनींना गच्चीत पापड वाळत घालू दे का. हो. माझ्या मावसबहिणीला दिवाळीत महिनाभर राहू दे का. हो." "ती मांजर?" "तीही तुमच्याच परवानगीने आहे." राजश्री बोलिले, "मी तिला रोज हाकलतो!" "म्हणून तर तिला कळत नाही, तुमचं नक्की काय ते." तेव्हा दोघेही हसले, आणि हसे ओसरत असता बाईसाहेब सहज बोलिल्या, "एकदा तर मी विचारलं होतं, मी आधी गेले तर तुमचं कसं होईल हो?" राजश्रींचे हसू थांबले. "मग?" "म्हणालात, हो हो, टाकी फुल करून घेऊ." इंजिनाचा ध्वनी, टाळांचा ध्वनी आणि टायरांखालील खडीचा ध्वनी, तिन्ही राजश्रींस वेगवेगळे ऐकू येत होते. ते पुढे वाकोन बोलिले, "आता विचार." बाईसाहेब बोलिल्या, "आता नाही. आता गाडी चालवतेय."

परत येवोन पाहतात तो मुन्ना आडवाटेने आधीच पोहोचोन धापा टाकीत फाटकापाशी बसला होता, तो बोलिला, "अ‍ॅक्सल, सर! डाव्या बाजूचा. रबर फाटून आतलं ग्रीस गेलंय. बदलावाच लागेल, नाहीतर एखाद्या वळणावर चाक दगा देईल." मग पागनिसांकडे पाहोन हळूच बोलिला, "सर, काकू तर लय भारी चालवतात." पागनीस मेथीची पिशवी पोटाशी धरोन बोलिले, "मला माहीत होतं. आमची ही पण जाते ना त्यांच्याबरोबर." राजश्री बोलिले, "तुम्हाला माहीत होतं? आणि पेट्रोल हवेत उडतं म्हणालात?" पागनीस बोलिले, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेलच. तुम्ही त्यांना परवानगी दिली होतीत." ऐसी ती मसलत मोडली, आणि अ‍ॅक्सल बदलून रथ सायंकाळपर्यंत मुकाट जाहला.

दुसरे दिवशी दुपारी राजश्री नित्याप्रमाणे आडवे जाहले, परंतु यंत्रे काढिली नाहीत. बाईसाहेब दारात येवोन बोलिल्या, "मी जाऊन येते हं." राजश्री "हो" म्हणणार होते, ते ओठांवर आलेही होते, ते परत घेवोन बोलिले, "किती वाजेपर्यंत?" बाईसाहेब थांबल्या. त्यांनी वळोन पाहिले, जैसे घरात कोणी नवा पाहुणा आला आहे, आणि बोलिल्या, "दिवेलागणीच्या आत येते. चहा ठेवाल?" मग फाटक उचलिल्याचा ध्वनी जाहला, आणि इंजिन सुरू जाहले, आणि राजश्री डोळे मिटोन ऐकत राहिले. पहिला गिअर, मग दुसरा, मग वळणापाशी तिसरा, कोठेही कडकड नाही, कोठेही घाई नाही. ध्वनी लांब जात जात लहान जाहला आणि मग राहिला नाही. तीस वर्षे हे प्रकरण शिकविलेल्या माणसाने त्या ध्वनीत दोष शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, आणि तो सापडला नाही. मग टेम्पोचा हॉर्न आठवला, आणि शाळेची रिक्षा आठवली, आणि तीत बसलेली पोरे आठवली. राजश्री उठोन चहाचे आधण ठेवू गेले, आणि साखरेचा डबा कोठे असतो हे शोधीत असता त्यांचा निर्णय जाहला. तो त्यांनी कोणास कळविला नाही.

शनिवारी युवराज आले, घर्षणास तयार होवोन आले, परंतु पिता दोन्ही दिवस गाडीविषयी चकार शब्द बोलिले नाहीत, म्हणोन त्यांस अधिकच काळजी वाटली. सोमवारी प्रातःकाळी राजश्री उठले, आणि चूळ भरोन चहा घेतला, आणि डबीतून यंत्रे काढोन, मुख वाकडे न करता, कानांत बसविली. खुंटीवरून किल्ली घेतली. फडक्याने पुढची काच पुसली, मागची पुसली, पारिजातकाची दोन फुले स्टिअरिंगपुढे ठेविली. मग उजवे दार उघडोन पाहिले. आसन पुढे होते. ते त्यांनी तैसेच राहू दिले. आरसा खाली होता, त्यावरील धूळ तेवढी फडक्याच्या टोकाने पुसली, आणि तो जागचा हलू नये म्हणोन दुसऱ्या हाताने धरिला. किल्ली जागेवर लावोन ठेविली, दार हळू लाविले, रथाच्या पुढोन वळसा घेवोन डावे दार उघडिले, आत बसले आणि पट्टा ओढोन लाविला. बाईसाहेब कागदपत्रांची पिशवी घेवोन बाहेर आल्या, त्यांनी पाहिले, आणि पदर खोचोन उजवीकडे बसल्या. युवराज बूट घालीत धावत आले, "बाबा, मी नेतो म्हटलं होतं ना! आणि तुम्ही इकडे कसे?" राजश्री समोर पाहत बोलिले, "इथे बसलं की उजवा कान तुझ्या आईकडे येतो. तू मागे बस. टाळ आहेत खाली, पाय सांभाळ."

येणेप्रमाणे रथ परीक्षेस गेला आणि उत्तीर्ण होवोन आणखी पाच वर्षांची सनद घेवोन आला. खळ्‌खळ् आजही आहे, ती मंडळाची आहे, तीस हात लावू नये ऐसा हुकूम आहे. मांजरास हाकलणे बंद जाहले. डेअरीवर स्वारी जाते, राजश्री डावीकडेच बसतात, रथ आता मधोमध जात नाही, आणि हॉर्न वाजले तर ते ऐकू येतात. राज्य गेले की राहिले याविषयी दरबारात दोन मते आहेत. ही कैफियत लिहिताना काही झाकू नये ऐसी आज्ञा खुद्द राजश्रींचीच, म्हणोन मसुदा या लेखकाने त्यांस मोठ्याने वाचोन दाखविला, तेव्हा त्यांनी चार ठिकाणी "काय म्हणालास? पुन्हा वाच" ऐसे विचारिले, आणि शेवटपर्यंत एकदाही "हो" म्हटले नाही.